चार भाषांची एक वर्गणी

जानेवारीच्या बारा तारखेस सरकारदरबारी राष्ट्रीय युवक दिन पाळला जातो, कारण ती स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख. परंतु सोलापूर शहराने त्या तारखेशी आपले नाते दिल्लीचे परिपत्रक निघण्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधीच जोडून ठेवले होते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना फाशी दिले गेले, आणि तेव्हापासून ती तारीख या गावात हुतात्मा दिन म्हणून ओळखली जाते. चौघांपैकी एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान. व्यासपीठावर शोभून दिसावी म्हणून कोणा चतुर पुढाऱ्याने जमवून आणलेली ही जुळणी नव्हे. सरकारने गर्दीत हात घातला आणि हाताला जे लागले ते असे निघाले, कारण मुळात गर्दीच तशी होती. कुर्बान हुसेन त्या वेळी जेमतेम विशीतला होता, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत होता आणि गिरणी कामगारांच्या संघटनेत वावरत होता. आज चौकात उभ्या असलेल्या चार पुतळ्यांना हार घालून मंडळी परततात, तोच ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज रस्त्यावर येतात, आणि शहरातील तरुणांना पुढचे काही दिवस उसंत म्हणून मिळत नाही.

अलीकडे परदेशांत ‘बहुसांस्कृतिक युवक परिषद’ या नावाच्या संस्था पुष्कळ ठिकाणी निघाल्या आहेत. ज्या नगरांत निरनिराळ्या देशांतून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी आणि निरनिराळ्या देवांना भजणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली, तेथील जाणत्या लोकांना लवकरच असे आढळून आले की आईबाप आपापल्या कोषांत सुरक्षित राहतात, पण मुले मात्र घरची एक आणि बाहेरची एक अशा दोन जगांच्या उंबरठ्यावर उभी असतात. तेव्हा या मुलांनाच एकत्र बसवून त्यांच्या हाती काही काम, काही निधी आणि नगरपालिकेच्या कारभारात काही आवाज द्यावा, असा विचार पुढे आला. मेलबर्न येथे १९८८ पासून केवळ स्थलांतरित व निर्वासित कुटुंबांतील तरुणांसाठी काम करणारे एक केंद्र आहे. नॉर्वेने तर २०१९ पासून प्रत्येक नगरपालिकेला युवक परिषद नेमणे कायद्यानेच बंधनकारक केले. गृहपाठाला मदत, भाषेचे वर्ग, खेळांचे सामने, सणांचे मेळे, नवागतांना सरकारी कचेऱ्यांचे अर्ज भरून देणे आणि वर्षाकाठी पालिकेपुढे आपल्या गरजांचे निवेदन ठेवणे, असा या परिषदांचा ढोबळ कार्यक्रम असतो. या साऱ्याची आखणी बहुधा वरून होते. आधी अंदाजपत्रकात रक्कम मंजूर होते आणि मग तरुण शोधले जातात.

सोलापुरात नेमका याच्या उलट क्रम दिसतो, आणि म्हणूनच या विषयाकडे सोलापूरच्या वेशीतून पाहावे असे मला वाटते. येथे तरुण आधी जमले, वर्गणी त्यांनी नंतर गोळा केली आणि परवान्यासाठी सरकारच्या दारात ते सर्वांत शेवटी गेले.

हे शहर मुळातच सरहद्दीवरचे. मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन भाषांचे प्रदेश जेथे एकमेकांना भेटतात त्या टापूत ते वसले आहे, आणि बहमनी व आदिलशाही अमलाखाली शतकानुशतके राहिल्यामुळे दखनी उर्दू ही चौथी भाषाही येथे घरचीच आहे. १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिला पुढे लोक ‘जुनी मिल’ म्हणू लागले. तिच्या मागोमाग आणखी गिरण्या निघाल्या आणि भोंग्याच्या हाकेला आजूबाजूच्या मुलखातून माणसे येत गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग वसविला. सोलापुरी चादरीची कीर्ती मुख्यतः त्यांच्या हातमागांची आणि पुढे यंत्रमागांची. त्यांच्या कुलदैवताचा, मार्कंडेयाचा, रथ नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून निघतो, नवरात्रात त्यांच्या स्त्रिया फुलांचे थर रचून बतुकम्माभोवती फेर धरतात. बाजारपेठेतील व्यापारी कानडी बोलणारे लिंगायत, किल्ल्याच्या बाजूस दर्ग्याच्या आश्रयाने वाढलेली मुसलमान वस्ती, मारवाडी, गुजर आणि जैन पेढीवाले, लष्कर भागातील छावणीच्या आश्रयाने स्थिरावलेली नाना जातींची माणसे आणि या सगळ्यांत मिसळलेले मराठी भाषक. महानगरपालिकेला प्राथमिक शाळा मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांतून चालवाव्या लागतात यावरून काय ते समजावे. आणि या चारही शाळांतील मुले सुटी झाल्यावर एकमेकांना ‘काय बे’ म्हणून जी हाक मारतात, तिची मालकी चौघांपैकी कोणा एकालाच सांगता येणार नाही.

या शहरातील तरुणांची परिषद म्हणजे मंडळ. ज्याला आपण उत्सव मंडळ म्हणून नाक मुरडतो, तेच. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या बाबतीत सोलापूरकरांचा अभिमान थोडा वेगळाच आहे. शुक्रवार पेठेतील ‘आजोबा गणपती’ची स्थापना १८८५ सालची, म्हणजे टिळकांनी पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप देण्याच्या आधीची, असे येथील परंपरा सांगते, आणि हा आजोबा प्रामुख्याने कानडी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पेठेतला आहे ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे मंडळे वाढली, तशी त्यांच्यावर देखरेख करणारी मध्यवर्ती मंडळेही निर्माण झाली: मूळ शहराचे एक, पूर्व विभागाचे एक, लष्कर विभागाचे एक, शिवाय नव्या वसाहतींची आणखी. मिरवणुकीचा क्रम कोणता, कोणी कोठून वळायचे, पोलिसांशी बोलणी कोणी करायची, या वर्षीचा उत्सव अध्यक्ष कोण, हे सारे या मध्यवर्ती बैठकांत ठरते. वाद होतात, रुसवे होतात, आणि क्वचित मिरवणुकीतील आगेमागे होण्यावरून जो आवेश प्रकट होतो तो पाहून एखाद्या मोगल दरबारातील मानकऱ्यांनीही शरमेने मान खाली घालावी! पण वाद मिटतात, कारण पुढच्या वर्षी पुन्हा याच माणसांशी गाठ असते.

पूर्व भागातल्या एखाद्या लहान मंडळाची वर्गणीची बैठक जवळून पाहिली म्हणजे या व्यवहाराचे मर्म ध्यानात येते. जागा म्हणजे बहुधा यंत्रमागाच्या शेडसमोरचा कट्टा, वेळ रात्रपाळी लागण्यापूर्वीची. पावतीपुस्तक ज्याच्या हाती तो पोरगा घरात तेलुगू बोलणारा. पावतीवरचा मजकूर मराठी. मंडपवाल्याशी घासाघीस चालते ती दखनीत, कारण मंडपवाला आणि विजेच्या माळा लावणारा हे दोघे मुसलमान. किराणा दुकानदाराकडून दोनशेऐवजी पाचशे काढायचे असतील तर त्याच्याशी कानडीत बोलू शकणाऱ्यालाच पुढे करतात आणि बाकीचे मागे निरागस चेहऱ्याने उभे राहतात. शेवटी हिशेबाची वही उघडते. गेल्या वर्षी ढोलाच्या कातड्याला किती लागले, प्रसादाचे रवा-साखर कोणाच्या उधारीवर आणले होते, ते फिटले की नाही, यांवर जी खडाजंगी होते ती एकाच वेळी तीन भाषांत होते, आणि आकडा मात्र सर्वांना एकाच भाषेत समजतो. परिषदा, परिसंवाद आणि ऐक्याच्या शपथा यांबद्दल मला आदर आहे. तथापि एका वहीतील जमाखर्चाला चार समाजांची पोरे जबाबदार असणे ही गोष्ट त्या साऱ्यांहून अधिक टिकाऊ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याचा सण पाहायला जाणे हे पाहुणेपण झाले. दुसऱ्याबरोबर सणाची उधारी फेडणे हा शेजारधर्म.

मंडळाची वडील बहीण म्हणजे तालीम. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आज गणपतीच्या मिरवणुकीमुळे सर्वांच्या कानी असली, तरी मुळात ते आखाडे होते, आणि लाल मातीत उतरणाऱ्याची भाषा कोणी विचारीत नसे. सोलापूरच्या लेझमीची ख्यातीही याच परंपरेतून आलेली. उत्सवाच्या आधी कित्येक संध्याकाळी मैदानांत आणि बोळांत लेझमीचा सराव चालतो. सिद्धेश्वर यात्रेपूर्वी तसाच सराव नंदीध्वजांचा असतो. उंच, जड, सजविलेला दंड अंगावर तोलून धरून मैलोगणती चालायचे, वाटेतील अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करायची, गर्दीत तो कलू द्यायचा नाही, आणि थकलेल्याने तो दुसऱ्याच्या स्वाधीन करताना क्षणभरही तोल ढळता कामा नये. हे कसब एका दिवसात येत नाही, म्हणून पोरे काही आठवडे आधीपासून साध्या दंडावर सराव करतात. मानाचे नंदीध्वज सात, आणि त्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेले. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे याच सिद्धेश्वरांनी, लग्नाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची आज्ञा दिली, अशी कथा आहे. संक्रांतीच्या सुमारास तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या हजारो लोकांच्या साक्षीने त्या विवाहाच्या अक्षता पडतात, आणि त्यानंतर होम मैदानावर ‘गड्डा’ भरतो. गड्ड्यावर पाळणे, खेळण्यांची दुकाने आणि खाण्याच्या गाड्या लावणारे कोणत्या धर्माचे, याची चौकशी करण्यास तेथे कोणाला फुरसत नसते.

तरुणांचे हे जमणे केवळ सणापुरते राहिले असते तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. १९३० च्या वसंतात त्याची कसोटी लागली. त्या वर्षी ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला होता. मे महिन्याच्या प्रारंभी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली तेव्हा गिरण्या ओस पडल्या आणि मिरवणुका निघू लागल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूस शिंदीची झाडे तोडण्यासाठी जमाव लोटला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि ध्वज हाती घेऊन पुढे सरसावलेला शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. नंतरच्या क्षोभात मंगळवार पेठेच्या चौकीतील दोन पोलीस मारले गेले, न्यायकचेरी जळाली आणि सरकारी अंमल शहरातून उठला. पुढील काही दिवस, म्हणजे १२ मे रोजी लष्करी कायदा जारी होईपर्यंत, रस्त्यांवरील रहदारी आणि पेठांतील बंदोबस्त तरुण स्वयंसेवकांनी सांभाळला. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेचे ध्वज आणि गोळ्या तेवढ्या येतात. मला मात्र तो चौकात उभा राहून टांग्यांना वाट दाखवणारा पोरगा अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याने आदल्या वर्षी मिरवणूक वळवली असेल, त्यालाच राज्य गेलेल्या शहरातील टांगे वळवता येणार. लष्करी कायदा जूनअखेरपर्यंत चालला. ध्वज बाळगणे हाही गुन्हा ठरला आणि त्यासाठी कठोर शिक्षा झाल्या. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून जे चौघे फासावर गेले ते निरपराध होते अशी त्या काळच्या जनतेची खात्री होती, आणि ती पुढेही कधी ढळली नाही.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पेठांनी कानडी, तेलुगू आणि मराठी पोरांना एका कट्ट्यावर बसवले, त्याच पेठांनी अस्पृश्य मानलेल्या पोरांना तो कट्टा वर्ज्य ठेवला होता. म्हणून सोलापूरच्या युवक कार्याचा सर्वांत मोलाचा अध्याय उत्सवाच्या मंडपात सापडत नाही. तो ४ जानेवारी १९२५ रोजी येथे उघडलेल्या एका वसतिगृहात सापडतो. डॉ. आंबेडकरांनी आदल्या वर्षी मुंबईत स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे हे वसतिगृह. त्याची व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे यांच्याकडे होती, आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा चाळीस रुपयांचे अनुदान दिले. सभेने तरुणांसाठी वाचनालये काढली, मुंबईत हॉकीचा संघ काढला, कारण जुगार आणि दारू यांपासून पोरांना केवळ उपदेशाने दूर ठेवता येत नाही, संध्याकाळी हातात दुसरे काही तरी द्यावे लागते, हे तिच्या चालकांना ठाऊक होते. आणि सभेने शिकते केलेल्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक स्वतः चालविले. परदेशी परिषदांच्या अहवालांत आज जे कार्यक्रम छापलेले असतात, निवास, वाचन, खेळ आणि नियतकालिक, ते सर्व शंभर वर्षांपूर्वी या एका सभेने उभे केले होते, आणि त्यातील सोलापूरच्या वसतिगृहाला नगरपालिकेचा आधार होता तो दरमहा चाळीस रुपयांचा. आज डॉ. आंबेडकरांच्या जयंतीची सोलापुरातील मिरवणूक सबंध जिल्ह्यातून लोक खेचून आणते, आणि तिचेही मध्यवर्ती मंडळ आहे.

अक्षरांच्या क्षेत्रातही हीच ओढ दिसते. मराठीतून लिहिणाऱ्या मुसलमानांचे पहिले साहित्यसंमेलन १९९० साली भरले ते सोलापुरात, आणि त्यामागे येथील विचारवंत फकरुद्दीन बेन्नूर यांची खटपट होती. घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातील लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी ‘एका साळियाने’ हे आत्मचरित्र लिहिले ते मराठीत.

आता दोषांविषयी. मंडळे फार झाली, आणि पुष्कळ मंडळे आता पेठेची राहिली नसून जातीची किंवा एखाद्या उमेदवाराची झाली आहेत. ज्या पावतीपुस्तकाचा मी गौरव केला त्याची जागा एकाच दात्याच्या फलकाने घेतली की वहीही बंद होते आणि वहीबरोबर भांडणाचा हक्कही जातो. लेझमीला ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी मागे सारले, तेव्हा वयस्क नागरिकांना अखेर रस्त्यावर उतरून तक्रार करावी लागली. मुली मंडळांत दिसतात त्या ढोलपथकात किंवा रांगोळीपुरत्या; हिशेबाच्या वहीपाशी त्या क्वचितच पोचतात, आणि ज्या शहरात विड्या वळून घरे चालवणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत तेथे ही गोष्ट अधिकच विपरीत दिसते. २००२ च्या ऑक्टोबरात सोलापुरात दंगल झाली, माणसे मेली. त्या दिवसांत सारे कट्टे काही उपयोगी पडले नाहीत. याच्या उलट, सोलापूरसारखेच यंत्रमागांचे आणि पद्मशाली व मुसलमान कामगारांचे गाव असलेल्या भिवंडीत, १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ पासून गल्लीगल्लीत दोन्ही समाजांच्या मोहल्ला कमिट्या बसविल्या, आणि १९९२-९३ साली मुंबई पेटली असता ती भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांचे काम नळाचे पाणी, गटारे आणि भाडेकरूंचे तंटे यांपासून सुरू होत असे. दंगलीच्या आदल्या रात्री बोलावलेली शांतता समिती आणि वर्षभर गटारावर भांडलेली कमिटी यांत काय अंतर आहे, ते भिवंडीने दाखवून दिले.

सरकारी योजनांचा उल्लेख केला नाही तर लेख अपुरा राहील. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्यातील विद्यार्थ्याने दोन वर्षांत दोनशे चाळीस तास समाजसेवेला द्यायचे आणि एका खेड्यात सात दिवसांचे शिबिर करायचे, असा जाबता आहे. २००४ साली सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले, त्यामुळे अक्कलकोटकडचा कानडी विद्यार्थी, पंढरपूरचा मराठी आणि शहरातला तेलुगू वा उर्दू भाषक हे एकाच शिबिरात जेवणाच्या पंक्तीला बसू शकतात. शिबिराच्या सातव्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली जातात आणि मंडळी पांगतात. त्या सात दिवसांचे पुढे काय करायचे, हे कोणत्याच परिपत्रकात लिहिलेले नसते.

आणि आता शहराच्या बाहेर, अक्कलकोटच्या वाटेवर कुंभारी येथे, एक नवेच गाव उभे राहत आहे. विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत तेथे २००६ साली झालीच होती. त्यानंतर रे नगर ही तीस हजार घरकुलांची योजना निघाली आणि तिच्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हवाली झाली. यंत्रमागावरचे, विडीवरचे, बांधकामावरचे, कचरा वेचणारे असे सर्व प्रकारचे श्रमिक तेथे राहावयास जात आहेत. या गावाला पेठ नाही, तालीम नाही, आजोबा गणपती नाही, कोणाचा कोणता मान हे सांगणारा वृद्ध नाही. तेथील पोरे पहिले मंडळ कसे काढतात, भाषेवार चार की इमारतीवार एक, हे येत्या पाचदहा वर्षांत ठरेल, आणि ते ठरण्याआधीच महापालिकेने व जिल्हा परिषदेने तेथे मैदानाची एक जागा मोकळी राखावी, वाचनालयासाठी दोन खोल्या द्याव्या, आणि त्यांना जे काही अनुदान मिळेल त्याच्या हिशेबाची वही दर वर्षी वेगळ्या भाषेच्या शाळेतून आलेल्या एका मुलाच्या आणि एका मुलीच्या स्वाधीन असेल अशी अट घालावी. चाळीस रुपये देणाऱ्या जुन्या नगरपालिकेच्या वारसांना हे काही जड जाऊ नये.